फाल्गुनातल्या शिंका

माघ संपत आला की ज्यांच्या नाकाला आतून खाज सुटते, टाळूला गुदगुल्या होतात आणि डोळे चोळून चोळून लाल होतात, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. बाकीच्यांनी वाचायला हरकत नाही, पण ते हसतील. मीही हसायचो. या आजाराची पहिली अडचण हीच आहे की त्याला कोणी आजार म्हणत नाही. कावीळ झालेल्या माणसाला लोक भेटायला येतात. शिंकणाऱ्यापासून दोन पावलं मागे सरकतात.

मी देऊळगाव राजात राहतो. वय त्रेपन्न. भिक्षुकी करतो, म्हणजे लग्नं लावतो, वास्तुशांती, सत्यनारायण, जे बोलावणं येईल ते करतो. माझे यजमान इकडे सुलतानपुरापासून तिकडे अमडापूरपर्यंत आहेत. मी डॉक्टर नाही, त्यामुळे औषधांची नावं इथे सापडणार नाहीत. ती ज्याने त्याने आपल्या डॉक्टरला विचारावीत. मी फक्त काय झालं ते सांगतो. त्यातल्या चुका माझ्या आहेत, त्या कोणीही फुकट घ्याव्यात आणि पुन्हा करू नयेत.

माईकवरची शिंक

शिंक कोणालाही येते, पण आमच्या धंद्यात तिला अर्थ असतो. शुभकार्याला निघताना कोणी शिंकलं की थांबायचं, पाच मिनिटं बसायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि मग निघायचं. हे मी तीस वर्षं लोकांना सांगत आलो. आता सांगणारा माणूसच फाल्गुन-चैत्रात रोज सकाळी पंचवीस-तीस वेळा शिंकायला लागला तर काय करायचं? माझी बायको मंगला मेहकरकडची आहे, तिचं तोंड माझ्यापेक्षा मोकळं आहे. ती म्हणाली, "तुमच्या हिशोबानं तं आपण होळीपासून घराबाहेर पडालेच नको."

आधी तीन-चार वर्षं थोडं थोडं होत होतं. सर्दी म्हणून मी सोडून देत होतो. मग अमडापूरचं लग्न आलं.

अमडापूरचे तेजराव म्हणजे माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचे यजमान. जमीनजुमला भरपूर, शब्दाला वजन. त्यांच्या घरी एक लग्न लावलं की आजूबाजूच्या पाच गावांतून बोलावणी येतात. त्यांच्या थोरल्या मुलीचं लग्न फाल्गुनात होतं. मांडवाला लागून हरभऱ्याचं खळं, त्याच्यावर मळणीयंत्र दोन दिवसांपूर्वीच चाललेलं. तिसऱ्या मंगलाष्टकाच्या मध्यावर मला शिंक आली. या शिंका एकट्या येत नाहीत, माळ लागते. सात आल्या. माईक तोंडापुढे होता आणि कर्णे गावाच्या दोन्ही टोकांना बांधलेले होते. मागच्या लोकांना वाटलं कडवं संपलं, त्यांनी अक्षता टाकल्या. बँडवाल्यांनी वाजवायला सुरुवात केली. अंतरपाट धरणारे दोघे हसू दाबत होते, त्यामुळे अंतरपाट हलत होता.

मग एकदम सगळं शांत झालं. ती शांतता मला हसण्यापेक्षा जड गेली. तेजराव माझ्याकडे बघत नव्हते, जमिनीकडे बघत होते.

लग्न लागल्यावर मी एका बाजूला खुर्चीत बसलो. तेवढ्यात तेजरावांच्या थोरल्या भावाची बायको, जिला सगळं गाव शांताकाकू म्हणतं, ती पेला घेऊन आली. ती मांडवात कुठे दिसली नव्हती, वावराकडून स्वयंपाकाच्या बाजूने आली. म्हणाली, "पानी घ्या, गुरुजी. पाच मिनिटं बसा." मी पाणी प्यायलो. मला वाटलं, काळजीने म्हणाली.

निंबाखाली

यापुढचा भाग सगळ्यांनी नीट वाचावा, कारण माझी सगळ्यात मोठी चूक इथे आहे.

आमच्या अंगणात निंबाचं मोठं झाड आहे. निंबाची हवा चांगली, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. होळी झाली की माझी खाट त्याच्याखाली पडते, वडिलांचीही पडायची. सकाळी उठलो की चादरीवर, उशीवर, केसांत बारीक पांढरा मोहोर सांडलेला असायचा. मी चादर झटकायचो, त्याच हाताने डोळे चोळायचो आणि शिंकायला लागायचो. मग सर्दी झाली म्हणून निंबाचा पाला आणि ओवा निखाऱ्यावर टाकून डोक्यावरून घोंगडी घेऊन धुरी घ्यायचो. पाडव्याला तर पहाटे शिडी लावून झाडात शिरायचो आणि टोपलीभर फुलोरा काढायचो. गूळ, हिंग, ओवा घालून तो वाटायचा आणि पंचांग वाचायला जाईन त्या घरी द्यायचा. त्या वर्षी मी स्वतः दोन वाट्या खाल्ला. शिंका वाढल्या की मी निंब वाढवत होतो.

बाजूने मेडिकलचेही उपाय चालू होते. नाकात घालायचे थेंब आणले. दोन मिनिटांत नाक मोकळं. मला वाटलं, जिंकलो. आठ दिवसांनी दर दोन तासांनी थेंब लागायला लागले, नाहीतर नाक पार बंद. पंचांगाच्या पिशवीत बाटली असायची आणि मी संकल्प सांगता सांगता पाठ वळवून थेंब घालायचो. सर्दीची गोळी आणली, तिने शिंका थांबल्या आणि मीही थांबलो. गावातल्याच एका लग्नात होम चालू असताना मला बसल्या बसल्या डुलकी लागली. नवरदेव तुपाची पळी धरून 'स्वाहा'ची वाट बघत बसला. शेवटी त्यानेच घसा खाकरला.

घरातही कुरबुर सुरू झाली. माझ्या उपरण्यांचा आणि रुमालांचा ढीग मंगला धुवायची. तिने मिरचीची फोडणी टाकली की मी ओरडायचो, उदबत्ती लावली तरी ओरडायचो. एक दिवस तिने बिनफोडणीचं वरण माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाली, "नाक तुमचं, आणि शिक्षा साऱ्या घराले."

वास गेला

चैत्र संपता संपता मी चुलीपाशी उभा होतो. तूप कढवायला ठेवलं होतं. मंगला मागच्या दारातून धावत आली आणि तिने पातेलं खाली ओढलं. तूप जळून काळं झालं होतं, घर धुराने भरलं होतं, आणि मी हातभर अंतरावर उभा राहून मोबाईल बघत होतो. मला कसलाच वास आला नव्हता. मग मी कापूर हुंगला, हिंग हुंगला. काही नाही.

त्या दिवशी मी घाबरलो. माझे वडील घशातल्या गाठीने गेले. शेवटचं वर्षभर त्यांना बोलता येत नव्हतं, आणि मंत्र म्हणणाऱ्या माणसाचं बोलणं जाणं म्हणजे काय, ते मी जवळून पाहिलं होतं. आपल्याही आत कुठेतरी गाठ आहे, हे मी मनाशी ठरवून टाकलं. मंगलाला सांगितलं नाही. तिने ओळखलं होतं, हे मला नंतर कळलं.

त्याच आठवड्यात तेजराव घरी आले. बालाजीच्या दर्शनाला आलो होतो म्हणाले. चहा झाला, पावसापाण्याचं झालं. मग त्यांनी विषय काढला. धाकट्या मुलीचं जमलं होतं, लग्न पुढच्या फाल्गुनात.

"गुरुजी, तुमाले याच लागते," ते म्हणाले. "मानानं या, जेवाले बसा. पन लग्न लावाले चिखलीचे गुरुजी येतीन."

मी विचारलं, "काय चुकलं?"

"चुकलं कोनाचंच नाई. थोरल्या जावयाचा पाय मोडला ना लग्नाच्या महिन्याभरात, गाडीवरून पडले ते. लोकं बोलून राह्यले. सात शिंका मोजल्या होत्या म्हंते लोकायनं." त्यांनी कप खाली ठेवला. "अन् शिंकीचं आमाले कोनी शिकोलं, गुरुजी? तुमीच तं शिकोलं."

 तेजरावांचं घर गेलं म्हणजे पाच गावं गेली, हे मला कळत होतं. ते गेल्यावर मंगला म्हणाली, "उद्या जालन्याले जाऊ." मी नाही म्हटलं नाही.

जालना

एस.टी.ने गेलो. नाक-कान-घशाच्या डॉक्टर बाई माझ्या मुलीच्या वयाच्या असतील. त्यांनी नाकात उजेड टाकून बघितलं, बारीक नळी घालून बघितलं. मी डोळे मिटून होतो. त्या म्हणाल्या, "गाठ वगैरे काही नाही." मी तर गाठीचा शब्दही काढला नव्हता. मंगला शेजारी बसून पदराने डोळे पुसत होती. तिने बाहेरच सांगून ठेवलं होतं.

मग त्यांनी थेंबांची बाटली मागून घेतली आणि बघून टेबलाच्या पलीकडे ठेवली, परत दिली नाही. गोळ्याही बंद करायला लावल्या, कारण गोळ्या पोटात असताना तपासणी खरी येत नाही. आठवड्याने पुन्हा बोलावलं. तो आठवडा वाईट गेला. थेंब सोडल्यावर नाक सूड उगवतं. तोंडाने श्वास घेऊन घेऊन घसा कोरडा पडायचा. पण तो आठवडा जातो, हे थेंबांच्या नादी लागलेल्यांना मुद्दाम सांगतो.

दुसऱ्या खेपेला हातावर पेनाने खुणा करून प्रत्येक खुणेपाशी एक थेंब आणि सुईचं हलकं टोचणं. वीस मिनिटं हात तसाच धरून बसायचं आणि खाजवायचं नाही. धुळीपाशी थोडं फुगलं. गवतापाशी थोडं. एका जागी मात्र डास चावल्यासारखी मोठी गांधी उठली.

"हे कडुनिंबाचे परागकण," डॉक्टर म्हणाल्या. "घराजवळ झाड आहे का?"

"अंगणातच आहे," मी जरा अभिमानानेच म्हणालो. "मी झोपतोच त्याच्याखाली."

त्यांनी पेन खाली ठेवलं. मग मी धुरीचं सांगितलं. मग पाडव्याच्या दोन वाट्यांचं. मंगला हसायला लागली आणि तिला थांबवेना. इतक्या महिन्यांत ती पहिल्यांदा हसत होती, म्हणून मी तिला हसू दिलं.

डॉक्टर पुढे समजावत होत्या. पावसाळ्यात काही नाही, थंडीत काही नाही. माघानंतर सुरू होतं. सकाळी जास्त. एकदा सुरू झालं की माळ लागते. डोळे लाल, नाकाच्या शेंड्यावर पुसून पुसून आडवी रेघ. ताप नाही, दुखणं नाही, त्यामुळे कोणी दवाखान्यात आणत नाही.

मी ऐकत होतो आणि मला आपला चेहरा दिसत नव्हता. मला शांताकाकू दिसत होती.

अकरा वर्षांपूर्वीची सकाळ

हे लिहायचं की नाही, यावर मी बराच विचार केला. पण हे टाळलं तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही.

तेजरावांच्या धाकट्या बहिणीची सोयरीक सुलतानपुरात बघितली होती. बोलणी पक्की करायला फाल्गुनातल्या एका सकाळी आम्ही सगळे अमडापुरातून निघालो. गाड्या दारात उभ्या होत्या. शांताकाकू हळद-कुंकवाचं तबक घेऊन उंबरठ्यावर आली आणि शिंकली. चार-पाच वेळा. मी सगळ्यांना पुन्हा आत घेतलं, पाणी पाजलं, पाच मिनिटं बसवलं. सुलतानपुरात सोयरीक मोडली. त्या लोकांचं आधीच दुसरीकडे ठरत आलं होतं, त्यांनी तसं सांगितलंही. पण परत येताना गाडीत सगळे गप्प होते आणि मला काहीतरी बोलावंसं वाटलं. मी म्हणालो, "निघताना शिंक झालीच होती."

एवढंच बोललो. घरी जाऊन विसरलो. तिथे मात्र ते वाक्य राहिलं. त्यानंतर त्या घरात कोणतंही शुभकार्य असलं की काकू पहाटेच वावरात निघून जायची. कोणी तिला जा म्हणत नव्हतं आणि थांब असंही म्हणत नव्हतं. फाल्गुनात वावरात हरभरा, गहू निघत असतो, भुसा उडत असतो. ती तिथून डोळे सुजवून परत यायची. मी दर वर्षी त्या घरी जात होतो, तिचे डोळे बघत होतो आणि मला कधी विचारावंसं वाटलं नाही. मला लाज वाटते, आणि ती अजून गेलेली नाही.

रोजचं

डॉक्टरांनी झाड तोडायला सांगितलं नाही. खाट आत घ्यायला सांगितली. ती आता मधल्या खोलीत आहे. माघ ते चैत्र सकाळच्या खिडक्या बंद. कपडे, पांघरुणं गच्चीवर वाळत घालायची नाहीत. मोटरसायकलवर चष्मा आणि तोंडाला फडकं. बाहेरून आलो की हात-पाय-तोंड आणि डोकं धुतल्याशिवाय उशीला टेकायचं नाही. यातलं बरंचसं आमच्या घरात सोवळं म्हणून चालायचंच, फक्त मी ते फुलोरा अंगावर घेऊन पाळत होतो. झाडू मारायच्या आधी मंगला पाणी शिंपडते. उकळून कोमट केलेल्या मिठाच्या पाण्याने नाक धुतो. पाडव्याचा निंब ती वाटते, मी चिमूटभर जिभेला लावतो.

नाकात मारायचा फवारा माघाच्या सुरुवातीलाच, एक शिंकही नसताना सुरू करायचा असतो. लोकांना हे पटत नाही, मलाही पटलं नव्हतं. वैशाखात तो पहिल्यांदा सुरू केला तेव्हा आठ दिवस तर काहीच वाटलं नाही. मग कळलं, मी तो नाकाच्या मधल्या पडद्यावर मारत होतो. तोंड थोडं खाली करून, तोटी बाहेरच्या बाजूला, कानाच्या दिशेने धरायची आणि जोराने ओढायचं नाही. आणि बरं वाटलं म्हणून आपल्या मनाने बंद करायचा नाही.

वास कधी परत आला ते सांगतो. ज्येष्ठात एकदा देऊळगावच्या स्टँडवर उभा होतो. गाडी मागे घेताना धुराचा लोट आला आणि मला डिझेलचा वास आला. मला भरून आलं. शेजारच्या बाईने विचारलं, "तब्येत बरी नाई का?" मी म्हटलं, आत्ताच बरी झाली.

अमडापूर

जालन्यात कळलेलं अमडापुरात जाऊन सांगायचं धाडस व्हायला मला माघ उजाडला. त्या महिन्यात मी न बोलावता तिथे गेलो. तेजराव ओसरीत होते, काकू आत होती. मी आजार सांगितला, हातावर गांधी कशी उठली ते सांगितलं. मग म्हणालो, "काकूंना हेच आहे. तेव्हा गाडीत मी बोललो ते चुकीचं होतं. तेव्हापासून चुकीचंच आहे."

तेजरावांनी आतल्या दाराकडे बघितलं. मग म्हणाले, "अकरा वर्सं ते बाई वावरात जाऊन बसून राह्यली, गुरुजी. आता सांगता?"

"मलाच या वर्षी कळलं."

"मंग मुहूर्ताचं काय? तेबी असंच का?"

हा प्रश्न येणार, हे एस.टी.त बसल्यापासून मला माहीत होतं. मी म्हणालो, "मुहूर्ताचं मला सांगता येणार नाही, तेजराव. शिंकेचं सांगता येतं."

काकू दाराशी येऊन उभी होती. मी तिला जालन्याच्या डॉक्टरांच्या पत्त्याचा कागद दिला. म्हणालो, औषध घ्या, शिंका येणार नाहीत. तिने कागद उलटसुलट बघितला.

"आन औषध घेऊनबी आली तं?" ती म्हणाली.

मी म्हणालो, "नाही येणार." तिने विचारलं होतं ते हे नव्हतं, हे मला परत येताना कळलं.

आठ दिवसांनी तेजरावांचा फोन आला. काकूला जालन्याला नेऊन आणलं होतं. पुढे म्हणाले, "लग्न तुमीच लावा. तुमाले शिंक आली तं माईक बंद करू."

उंबरठा

फाल्गुनात धाकट्या मुलीचं लग्न झालं. मी माईकपासून दोन हात लांब उभं राहायचं ठरवलं होतं, खिशात तीन रुमाल होते. सकाळपासून एक शिंक नव्हती. फवारा चुकला नव्हता.

नवरीला मांडवात न्यायची वेळ झाली. मामाने तिचा हात धरला होता. दारात ओवाळायला शांताकाकू उभी होती, नवं लुगडं नेसून, डोळे स्वच्छ. तेजरावांनीच तिला उभं केलं होतं. ती पूर्ण बरी झालेली नव्हती, एका महिन्यात कोणी होत नाही. निरांजन ओवाळताना तिचा हात थांबला. मला ते ओळखता येतं, नाकाच्या आत काहीतरी चढत जातं तो क्षण. तिने तोंड फिरवलं आणि शिंकली. एक, दोन, तीन.

मामाचा उचललेला पाय तसाच मागे आला. वाजंत्री थांबली. कोणीतरी पाण्याचा तांब्या आणायला आत वळलंही. काकूने तबक शेजारणीच्या हातात दिलं आणि ती मागच्या दाराकडे जायला निघाली. सगळे माझ्याकडे बघत होते, तेजरावही.

"काकू," मी म्हणालो, "तबक घ्या आणि तुम्ही पुढं व्हा. चला, उशीर होतोय."